कमी जागेत सरकता दरवाजा : आधी भिंत मोजा, मग दार ठरवा

न्हाणीघर चार बाय सहा फुटांचे. दार आत उघडणारे. घरातले वयस्कर माणूस आत घसरून पडले आणि अंग नेमके दाराला टेकले, तर बाहेरून कितीही ढकलले तरी दार उघडत नाही. कडी काढलेली असूनही नाही. शेवटी दार फोडावे लागते, आणि पलीकडे माणूस असल्यामुळे तेही जपूनच. घरात स्लायडिंग दरवाजाचा विचार बहुतेक वेळा अशाच काही प्रसंगानंतर, किंवा घरात वॉकर अथवा चाकाची खुर्ची आल्यावर सुरू होतो.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातली एकामागे एक खोल्यांची अरुंद घरे असोत, वडोदऱ्याच्या पोळांतली असोत, ग्वाल्हेरच्या लष्करातला जुना वाडा भाऊबंदांत वाटला गेलेला असो किंवा हैदराबादेतला दोन खोल्यांचा फ्लॅट असो, अडचण सारखीच आहे. दाराला उघडायला जागा लागते आणि ती जागा कपाट, पलंग, बेसिन किंवा फ्रीज यांच्याशी भांडत असते. अडीच फूट रुंदीचे साधे बिजागरीचे दार उघडताना जमिनीवर जवळजवळ ५ चौरस फूट जागा झाडून काढते. तिथे काहीच ठेवता येत नाही.

सरकत्या दाराने ही जागा मोकळी होते, हे खरे. पण जागा फुकट मिळत नाही. जमिनीवरची गरज भिंतीवर जाते, एवढेच. दार जिथे सरकून थांबणार, तिथली भिंत मोकळी, सरळ आणि वजन पेलणारी असावी लागते. पुष्कळ ठिकाणी दार आधी बनते, भिंतीकडे नंतर लक्ष जाते आणि मग स्विचबोर्डापाशी दार अडते. म्हणून क्रम उलटा हवा.

भिंत किती लागते?

सुतारकामात माप इंच आणि सुतात चालते. ८ सूत म्हणजे १ इंच. हार्डवेअरच्या पाकिटावर मात्र मिलिमीटर असतात. १ सूत म्हणजे साधारण ३ मिमी, १ इंच म्हणजे २५.४ मिमी, एवढे लक्षात ठेवले की दुकानात आणि घरात गोंधळ होत नाही.

एक उदाहरण घेऊ. चौकटीची आतली रुंदी ३० इंच आहे. भिंतीला समांतर लटकणारे दार या मोकळ्या जागेवर दोन्ही बाजूंनी थोडे चढलेले असावे, नाहीतर फटीतून आतले दिसते. प्रत्येक बाजूला दीड इंच धरला तर दार ३३ इंचांचे होते. ते पूर्ण उघडायचे, तर चौकटीच्या आतल्या कडेपासून पुढे ३३ इंच भिंत हवी, शिवाय स्टॉपरसाठी १ इंच. म्हणजे ३४ इंच. वरचा ट्रॅक साधारण दाराच्या दुप्पट, म्हणजे ६६ इंच लागतो.

आता समजा, भिंत २८ इंचच आहे. स्टॉपर सोडून २७ इंच उरले. दाराचे ६ इंच चौकटीतच राहणार आणि जायला वाट उरणार २४ इंच. धडधाकट माणसाला ती पुरेल. वॉकर घेऊन जाणाऱ्याला अडचणीची होईल. बहुतेक चाकाच्या खुर्च्या २५ ते २७ इंच रुंद असतात, त्या तर अडकतीलच. दिव्यांग व्यक्तींच्या वावरासाठी दारातून ९०० मिमी, म्हणजे सुमारे ३५ इंच मोकळी वाट असावी असे केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जुन्या घरात तेवढी मिळणे अवघड असते. निदान घरातली खुर्ची कोपरांसकट मोजून मगच माप ठरवावे.

याच बाबतीत सरकत्या दाराचा एक छोटा फायदा आहे. बिजागरीचे दार काटकोनात उघडले तरी त्याची जाडी वाटेतच राहते आणि एक-दीड इंच खाते. दार पूर्ण बाजूला सरकले की तेवढी वाट परत मिळते.

वरची जागा विसरू नये

रुंदी सगळे मोजतात, उंची राहून जाते. ट्रॅक, रोलर आणि दार चढवण्यासाठी हात जाईल एवढी फट धरून चौकटीच्या वर ४ ते ५ इंच मोकळी भिंत लागते. लहान घरांत न्हाणीघराच्या दारावरच माळा असतो. माळ्याचा स्लॅब ७ फुटांवर आणि दार ६ फूट ८ इंचांचे असेल, तर मध्ये फक्त ४ इंच उरतात. नेमके किती हवेत, ते त्या ट्रॅकच्या पाकिटावरच्या आकृतीत दिलेले असते. ते बघितल्याशिवाय ट्रॅक विकत घेऊ नये.

भिंतीवर जागा नसेल तर काही ट्रॅक माळ्याच्या स्लॅबला खालून बसवता येतात. मात्र स्लॅब भक्कम हवा. पाणी झिरपून गिलावा सुटलेला, आतली सळई गंजलेली दिसत असेल, तर तिथे दार टांगू नये.

कोणत्या प्रकारचे दार?

भिंतीबाहेर लटकणारे : सगळ्यात सोपे आणि दुरुस्तीला सोयीचे. भिंत फोडावी लागत नाही. ट्रॅक दिसतो, त्यावर प्लायची पट्टी लावून झाकता येतो. घरात माणसे राहत असताना बसवायचे असेल तर पहिला विचार याचाच करावा.

भिंतीच्या पोटात जाणारे : दिसायला सुंदर, पण जुन्या घरात अवघड. ४ इंची विटेची भिंत गिलाव्यासकट पाच-साडेपाच इंच होते. ती आतून पोकळ करता येत नाही; तिथली भिंत काढून सांगाडा उभा करावा लागतो किंवा पुढे खोटी भिंत घ्यावी लागते. खोटी भिंत खोलीतले दोन-तीन इंच घेते. वजन पेलणाऱ्या भिंतीला, कॉलमला आणि बीमला तर हात लावायचाच नाही. नवे बांधकाम चालू असेल तरच हा प्रकार निवांत जमतो. तेव्हाही रोलरपर्यंत हात जाईल अशी वरची पट्टी स्क्रूने काढता-घालता येणारी ठेवावी, नाहीतर चाक बिघडले की भिंत फोडायची वेळ येते.

दोन झडपांचे : एका बाजूला ३४ इंच भिंत नाही, पण दोन्ही बाजूंना थोडी-थोडी आहे, अशा वेळी हे कामी येते. वरच्याच उदाहरणात दोन झडपा साडेसोळा इंचांच्या होतात आणि प्रत्येक बाजूला साडेसतरा इंच भिंत पुरते. मध्ये जिथे झडपा भेटतात तिथे फट राहते, म्हणून देवघर किंवा स्वयंपाकघराला हे बरे. न्हाणीघराला तेवढे नाही.

घडीचे दार : भिंत कुठेच नसेल तर घडीचे, म्हणजे मधोमध दुमडणारे दार उरते. त्याला उघडायला निम्मीच जागा लागते. घडी मात्र चौकटीतच साठते आणि वाट थोडी अरुंद करते.

आणि एक सर्वांत स्वस्त उपाय. कधी कधी स्लायडिंगची गरजच नसते. तेच दार आतऐवजी बाहेर उघडेल असे फिरवले, किंवा बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला नेल्या, तरी अडचण सुटते. न्हाणीघरात पडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नही बाहेर उघडणाऱ्या दाराने मिटतो. बाहेरच्या बाजूला जागा आहे का, हे आधी बघावे. असेल तर सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम.

भिंत वजन पेलेल का?

३० मिमीचे भरीव फ्लश दार ३३ बाय ८२ इंचांचे असेल तर वजन ३० ते ३५ किलो भरते. १९ मिमी प्लायचे केले तर वीस-बावीस किलो. ८ मिमी जाड काचेचे सुमारे ३५ किलो. हे सगळे वजन दोन रोलरवर आणि ट्रॅकच्या काही स्क्रूंवर असते, आणि दार रोज हलते, धक्के बसतात. ३५ किलोच्या दाराला निदान ६० किलोचा संच घ्यावा.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. चौकटीवरचा सिमेंटचा लिंटेल चौकटीच्या बाहेर साधारण ६ इंचच गेलेला असतो. म्हणजे ट्रॅकचा एक भाग लिंटेलवर, आणि उघडे दार जिथे लटकणार तो भाग नुसत्या विटेवर. स्क्रू सैल होतात ते याच अर्ध्यात. म्हणून ट्रॅक थेट भिंतीत न ठोकता आधी पूर्ण लांबीची लाकडी पट्टी भिंतीला बोल्टने घट्ट बसवावी आणि ट्रॅक त्या पट्टीवर घ्यावा. पट्टी एक इंच जाड आणि चार इंच रुंद, सुकलेल्या लाकडाची. दर फुटावर एक बोल्ट, आणि दोन्ही टोकांजवळ एकेक.

भिंत कशाची आहे, त्यावर बोल्ट ठरतो. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर चांगला धरतो. विटेच्या भिंतीत भोक विटेच्या मधोमध घ्यावे, दोन विटांमधल्या सांध्यात नाही; लांब प्लास्टिकची गिट्टी आणि गिलाव्याच्या आत निदान अडीच इंच जाणारा स्क्रू हवा. गिलावा धरण्याच्या कामाचा नाही, तो मोजायचा नाही. गोव्यात आणि खानापूरकडच्या घरांत जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती असतात. चिरा सच्छिद्र, एखाद्या ठिकाणी भुसभुशीत असतो. ड्रिलमधून ओली माती आल्यासारखी भुकटी येऊ लागली तर ती जागा सोडून बाजूला भोक घ्यावे. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्याच ब्लॉकसाठी बनवलेल्या गिट्ट्या मिळतात, साध्या चालत नाहीत. मातीच्या जाड भिंतीच्या वाड्यात भिंतीवर भरवसा ठेवूच नये. तिथे चौकटीच्या बाजूला जमिनीपासून दोन लाकडी खांब उभे करून वर आडवी तुळई घ्यावी आणि ट्रॅक तुळईला लावावा. वजन जमिनीवर उतरते.

भिंतीच्या आत आणि भिंतीवर काय आहे?

बहुतेक घरांत दाराशेजारीच स्विचबोर्ड असतो, आणि दार नेमके त्याच्यावरून सरकणार असते. बोर्ड हलवण्याचा खर्च दाराच्या खर्चात धरावा. बोर्डाच्या सरळ वर, छतापर्यंत, वायरची नळी भिंतीत गाडलेली असते. त्या रेषेत ड्रिल करू नये. न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात. नळ आणि गिझर कुठे आहे ते आतून बघून बाहेर खडूने खूण करावी. काम चालू असताना मेन स्विच बंद आणि ड्रिलची वायर दुसरीकडून घेतलेली असावी.

दुसरा अडथळा स्कर्टिंगचा. भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी तीन-चार सूत बाहेर आलेली असते. चौकटही भिंतीपेक्षा थोडी पुढे असते. दार या दोन्हींना न घासता जायला हवे. त्यासाठी मागची लाकडी पट्टी तेवढी जाड घ्यायची, म्हणजे स्कर्टिंग तोडावे लागत नाही. पण पट्टी जितकी जाड, तितकी भिंत आणि दारामधली फट मोठी, हेही ध्यानात असू द्यावे.

दार कशाचे करावे?

पाण्याजवळच्या दाराला साधा प्लाय टिकत नाही. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का असेल तर तो पाण्यात टिकणारा, मरीन प्रकारचा. फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे मानक आहे. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे दार पाण्याने फुगत नाही. मात्र रोलरचे स्क्रू त्यात घट्ट बसतील का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

लॅमिनेट लावायचे तर दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावले तर दार हळूहळू धनुष्यासारखे वाकते. बिजागरीचे दार थोडे वाकले तरी चालून जाते, सरकते दार वाकले की भिंतीला घासते. वरची आणि खालची कडही रंगाने किंवा पट्टीने बंद करावी. पाणी शिरते ते खालूनच. गोवा आणि बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, तर ग्वाल्हेर-इंदूरच्या उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे सगळ्या फटी एक-दोन सूत सैलच ठेवाव्यात.

बसवण्याचा क्रम

१. जुने दार आणि बिजागऱ्या काढाव्यात. चौकट भक्कम असेल तर ठेवावी. खाचा लाकडाचे तुकडे व लांबी भरून बुजवाव्यात.

२. जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधावा. दार सरकणार त्या पूर्ण पट्ट्यात, फक्त चौकटीत नाही. तिथून खालची फट ३ सूत, त्यावर दाराची उंची, त्यावर रोलरची उंची अशी बेरीज करून ट्रॅकची रेषा काढावी.

३. रेषा पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने सपाट करावी. जमीन उतरती असली तरी ट्रॅक उतरता नको. ट्रॅक एक सूत जरी कलला तरी दार आपोआप उघडत किंवा मिटत राहते.

४. लाकडी पट्टी, मग ट्रॅक. एक स्टॉपर आधीच ट्रॅकमध्ये सरकवून ठेवावा. काही ट्रॅकमध्ये तो नंतर घालता येत नाही.

५. दोघांनी मिळून दार चढवावे. रोलरच्या बोल्टने उंची कमी-जास्त करून दाराची उभी कड ओळंब्यात आणावी. कड चौकटीशी जुळत नसेल तर आधी चौकटच ओळंब्यात आहे का ते बघावे. जुन्या घरात ती नसते.

६. खाली मार्गदर्शक, म्हणजे गाईड बसवावा. दाराच्या तळाशी खाच आणि त्यात बसणारा छोटा तुकडा, एवढेच त्याचे रूप. तो नसेल तर दार वाऱ्याने झुलते. जमिनीवर पूर्ण लांबीचा खालचा ट्रॅक टाळावा. त्यात कचरा साठतो, पाणी थांबते आणि पाय अडखळतो. न्हाणीघराजवळ जमिनीला भोक पाडण्याऐवजी भिंतीला लागणारा गाईड घ्यावा.

७. दार उचलले तरी ट्रॅकवरून निसटू नये म्हणून संचात एक अडकण येते. ती किरकोळ समजून टाकून देऊ नये. मुले दाराला लोंबकळतात तेव्हा तीच उपयोगी पडते.

कडी, मूठ आणि आतला माणूस

सरकत्या दाराला बिजागरीच्या दाराची कडी चालत नाही. आकड्याचे, म्हणजे हुकचे लॉक लागते. न्हाणीघराला ते असे घ्यावे, की बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने फिरवून उघडता येईल. दार बदलण्याचा सगळा हेतू पडलेल्या माणसापर्यंत पोहोचणे हा असेल आणि कुलूप बाहेरून उघडत नसेल, तर खर्च वाया गेला. दार खोलीच्या बाजूने, न्हाणीघराच्या बाहेर लटकवावे. ते कोरडे राहते आणि आत पडलेल्या माणसाच्या अंगावर सरकत नाही.

मूठ दोन प्रकारची लागते. भिंतीच्या बाजूला दारात खोलगट बसलेली, बाहेरच्या बाजूला पकडता येणारी उभी. सांधे दुखणाऱ्या माणसाला खोलगट खाचेत बोटे घालून दार ओढता येत नाही. त्यामुळे आतून हात पोहोचेल तिथे, दाराच्या कडेला, थोडी उंच मूठ ठेवावी आणि तिच्यासाठी दार दोन-तीन इंच चौकटीत थांबेल असा स्टॉपर लावावा. वाट तेवढी कमी होते, तर ते माप आधीच धरावे. चौकटीत उंबरठा असेल आणि खुर्ची न्यायची असेल, तर उंबरठा काढून आतल्या फरशीचा उतार पाणी बाहेर येणार नाही असा करून घ्यावा. हे काम दाराच्या आधी, गवंड्याकडून.

कुठे बसवू नये?

सरकते दार कधीच पूर्ण मिटत नाही. बाजूने अर्धा ते पाऊण इंच फट राहते. ब्रशची पट्टी लावली तर थोडा आवाज आणि वास अडतो, पूर्ण नाही. जेवणाच्या जागेला लागून असलेल्या संडासाला, अभ्यासाच्या खोलीला आणि घराच्या मुख्य दाराला हा प्रकार सोयीचा नाही. स्वयंपाकघराला बसवायचे असेल तर खालची फट बंद करू नये. सिलिंडरचा गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. खिडकी किंवा जाळी मोकळी असणे त्याहूनही महत्त्वाचे.

घर भाड्याचे असेल तर भिंतीत बोल्ट मारण्याआधी मालकाला विचारावे. फ्लॅटमध्ये भिंत फोडायची असेल तर सोसायटीला.

काम संपल्यावर

पैसे देण्याआधी चार गोष्टी करून बघाव्यात. दार अर्ध्यावर सोडावे. ते तिथेच थांबले पाहिजे. एका बोटाने ढकलावे, सरकले पाहिजे. दोन्ही टोकांना आपटून बघावे; स्टॉपरने धरले पाहिजे. आतून कुलूप लावून घरच्याच माणसाने बाहेरून ते उघडून बघावे, आणि ते नाणे किंवा पेचकस कुठे ठेवायचा हे सगळ्यांना माहीत असावे.

महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यावेत. ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसावा. खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटते आणि चाक जड होते. सिलिकॉनचा फवारा चालतो. दार अचानक खरखरू लागले तर आधी ट्रॅकमधला खडा बघावा, मग रोलर.

दार बसवणाऱ्याला कुठे सुतार म्हणतात, कुठे मिस्त्री, बेळगावात बडिगेर, गोव्यात मेस्त, वडोदऱ्यात सुथार, हैदराबादेत वड्रंगी. ‘स्लायडिंग चॅनेल’ म्हटले की सगळीकडे कळते. काम सांगायला जाताना कागदावर सहा आकडे लिहून न्यावेत : चौकटीची आतली रुंदी, उंची, बाजूची मोकळी भिंत, चौकटीवरची मोकळी जागा, भिंतीची जाडी आणि ती कशाची आहे, आणि खुर्ची किंवा वॉकर असेल तर त्याची रुंदी. हे हातात असले की “बसेल हो, बघू नंतर” असे उत्तर मिळत नाही. बसेल की नाही, ते तिथेच कळते.